डावीकडची रेघ

१

बोगद्याच्या तोंडाशी डाव्या हाताला पत्र्याची एक खोली आहे. त्या खोलीत मी बसते. आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी टायपिंग करते, आणि मीही तिचा गैरसमज कधी दूर केला नाही. खरं तर माझं काम एका आकड्याचं आहे. या घटकेला बोगद्याच्या आत किती माणसं आहेत, तो आकडा.

प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये नखाएवढी चिप असते. माणूस फाटकातून आत गेला की फाटकावरची पेटी ती चिप वाचते, बाहेर आला की पुन्हा वाचते. आत भिंतीवरही थोड्या थोड्या अंतरावर अशा पेट्या आहेत. जवळून जो जाईल त्याची खबर त्या वायरीवरून माझ्या डेटाबेसला पाठवतात. डेटाबेस फाटकाची मोजणी वेगळी करतो, आतल्या पेट्यांची वेगळी, आणि दोन्हींतला मोठा आकडा भिंतीवरच्या पडद्यावर दाखवतो. मोठाच का, असं साहेबांनी एकदा विचारलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी न पोळताच फुंकणारी आहे. पडद्यावर शून्य आलं तरच सुरुंगाची किल्ली फिरते. मग भोंगा वाजतो, डोंगर हादरतो आणि माझ्या टेबलावरचा चहा कपातल्या कपात थरथरतो.

फुंकून पिण्याचं कारण सांगून टाकते. आत माझा धाकटा भाऊ काम करतो.

घरी त्याला आम्ही खुळखुळ्या म्हणतो. जन्मापासून त्याची छाती वाजते. पाळण्यात होता तेव्हा दारात आलेल्या बायका विचारायच्या, बाळाला खुळखुळा कुणी आणला, आणि आई म्हणायची, बाळच खुळखुळा आहे. असल्या छातीच्या माणसानं दगडाच्या धुळीत शिरू नये हे शेंबडं पोरही सांगेल. मीही सांगितलं. पण त्याला पंपांचं वेड, आणि बोगद्यात पाणी उपसायला पंपवाला लागतोच. आई जाताना मला फक्त एवढंच म्हणाली होती, याच्या छातीकडे बघ. तेव्हापासून मी त्याची छाती आणि तो आकडा, दोन्हींकडे डोळ्यांत तेल घालून बघत आले.

त्या आठवड्यात बोगद्याच्या टोकाला खडकातून पाणी फुटलं होतं. सुरुंग बंद होते. शनिवारी पुन्हा सुरू करायचं ठरलं होतं. मंगळवारी खुळखुळ्या टोकाचा पंप बघायला एकटाच गेला. मध्येच आतले दिवे गेले, आतल्या फोनची माझ्या टेबलापर्यंत येणारी लाइनही गेली. थोड्या वेळानं दिवे आले, फोन काही आला नाही. जेवणाच्या सुट्टीला सगळे बाहेर आले, त्यांच्या मागोमाग तोही आला. नळावर तोंड धुतलं, माझ्या खिडकीसमोरच्या खुंटीवर हेल्मेट अडकवलं, काचेतून मला हात केला.

फाटकाची मोजणी शून्य होती. पडद्यावर एक होता.

२

फाटकावर मामा असतात. जगात कुणाचे मामा आहेत ते ठाऊक नाही, आमचे सगळ्यांचे आहेत. त्यांनी डबे उघडून बसलेल्या माणसांमधून फिरत एकेकाच्या टाळूवर बोट ठेवत मोजलं. सगळी होती. मी पडद्यावरच्या एकाच्या पोटात शिरून बघितलं, तर हेल्मेट खुळखुळ्याचं निघालं. खबर देत होती ती अगदी टोकाची, पंपाजवळची पेटी.

"हत्ती गेला, शेपूट राहिलं," मामा म्हणाले.

सगळे हसले. खुळखुळ्याही हसला, म्हणाला, अर्धा आत विसरलो असेन, संध्याकाळी घेऊन येतो. हेल्मेट खुंटीवर लटकत होतं, मला हात लांब करून बोट लावता आलं असतं एवढ्यावर. आणि आतली पेटी सांगत होती की ते तिच्यासमोर आहे.

मी घाबरले असं म्हणणार नाही. या धंद्यात यंत्र खोटं बोललं की माणूस घाबरत नाही, उलट त्याला चेव येतो. ओला खडक आहे, वायर भिजली असेल, पेटी जुनीच खबर पुन्हा पुन्हा ओकत असेल. डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला. पडदा शून्य झाला, आणि मी खुर्चीत टेकते न टेकते तोच पुन्हा एक.

शनिवारपर्यंत सुरुंग नव्हता, त्यामुळे कुणाला घाई नव्हती. मलाही नव्हती.

३

आमच्या खोल्या टेकाडावर आहेत, एकीला लागून एक. वर जायला सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडा. माझा उजवा गुडघा कितीतरी वर्षांपासून कामातून गेलाय. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत मी चढते. गुडघा कटकट वाजतो. खुळखुळ्या वरून ओरडायचा, "ताई, तुझा गुडघा पोचला, तू ये सावकाश." भावाची छाती आणि बहिणीचा गुडघा, आमच्या घरात वाद्यांची कमी नव्हती.

त्या संध्याकाळी जेवायला मी त्यांच्याकडेच होते. भावजय ताटं मांडताना एकदम थांबली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, ऐकलंत का?"

मी कान दिला. काहीच ऐकू येत नव्हतं.

"तेच तर," ती म्हणाली. "आल्यापासून एकदाही खोकले नाहीत."

खरंच. तो भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याच्या छातीतून श्वास येजा करत होता तो नुसता श्वास. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मी उठून त्याच्या पाठीवर हात फिरवला, तसा तो म्हणाला, ताई, मी काय घोडा आहे का. सगळे हसलो. किती वर्षांनी त्या खोलीत एखादा विनोद खोकल्याशिवाय पुरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय दोरीजवळ उभी होती. धूळ त्याच्या केसांतून, कानांतून उशीवर यायची, म्हणून ती रोज त्याच्या उशीचा अभ्रा धुवायची. लग्न झाल्यापासूनचा नेम. त्या दिवशी अभ्रा तिच्या हातात होता आणि दोरी रिकामी होती. अभ्रा तिनं माझ्यापुढे धरला. पांढराशुभ्र.

"आज धुवायचंच काही नाही," ती म्हणाली. ती हसत होती, पण अभ्रा तिनं घडी न घालता हातातच ठेवला होता.

मी मनाशी हिशेब मांडला. सुरुंग बंद, म्हणून धूळ नाही. धूळ नाही, म्हणून खोकला नाही. सगळं सरळ. मग खाली उतरले तर फाटकाशी त्याच्याबरोबरचा दुसरा पंपवाला बूट बांधत बसला होता. त्याची मान, कॉलर, कानांच्या पाळ्या, सगळं नेहमीसारखं राखाडी होतं.

४

तेव्हा मी ट्रेस लावला.

हे समजावून सांगायला हवं. डेटाबेस सुरू करायची कमांड मी हातानं टाइप करते. तिच्या शेवटी एक जादा पर्याय जोडता येतो, दोन आडव्या रेघा आणि पुढे डीबग हा शब्द. एरवी डेटाबेस मुकाट काम करतो. हा पर्याय दिला की बडबडायला लागतो. कोणत्या कामात शिरलो, त्याच्या पोटात आणखी कोणत्या कामात शिरलो, कशातून बाहेर आलो, सगळं एकेका ओळीत. शिरला की एक ओळ, बाहेर आला की एक ओळ. एका कामाच्या पोटात दुसरं निघालं की ओळ जराशी उजवीकडे सरकते आणि डावीकडे एक उभी रेघ येते. बाहेर आला की ती रेघ संपते. जाणती माणसं ट्रेस वाचत बसत नाहीत, डोळे किलकिले करून त्याचा आकार बघतात. जितक्या वेळा आत, तितक्या वेळा बाहेर, आणि काम संपलं की डावा काठ मोकळा. हा नियम मोडता येत नाही. जे काम आत जाऊन परत येत नाही त्याच्यापाशीच प्रोग्राम अडकतो, थिजतो, बंद पडतो.

माझा प्रोग्राम थिजला नव्हता. झकास चालला होता. पण ट्रेस सुरू झाल्यावर टोकाच्या पेटीकडून पहिली खबर आली, डेटाबेस ते हेल्मेट शोधायच्या कामात शिरला, आणि त्यातून बाहेर आल्याची ओळ आलीच नाही. त्यानंतरची प्रत्येक ओळ एक घर उजवीकडे. डाव्या काठाला एक उभी रेघ, वरपासून खालपर्यंत. मी पडदा सरकवत गेले, सरकवत गेले, रेघ सोबत येत गेली. फाटकावरची येजा, मामांचा आतबाहेर, माझे स्वतःचे प्रश्न, सगळं त्या एका परत न आलेल्या कामाच्या पोटात चाललं होतं.

आणखी एक झालं. ट्रेस लावल्याबरोबर पडद्यावरचा एक जाऊन शून्य आलं. याचं कारण मला लगेच कळलं, कारण तो प्रोग्राम माझाच आहे. इतकी बडबड लिहायची म्हणजे डेटाबेस गोगलगाय होतो. आतल्या पेट्यांच्या खबरी लांबून येतात, त्या रांगेत शिळ्या होतात, आणि शिळी खबर मोजणीत धरायची नाही असा नियम मीच घातलाय. खबर येत होती. मोजली जात नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर असताना मी ट्रेस बघत बसले. पडदा स्तब्ध असायला हवा होता. बोगद्यात हवा फुंकणाऱ्या मोठ्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. आणि मग एक ओळ आली. टोकाची पेटी. मग तिच्या अलीकडची. मग तिच्या अलीकडची. चालत येणाऱ्या माणसाच्या चालीनं. फोनच्या कोनाड्याजवळच्या पेटीशी खबरी थांबल्या. बराच वेळ तिथंच. मग एकेक पेटी मागे, टोकापर्यंत. थोड्या वेळानं पुन्हा तसंच, फोनपर्यंत, थांबून, परत.

भिजलेली वायर चालत नाही. मी खिडकीतून बघितलं. हेल्मेट खुंटीवर होतं. त्याच्या खाली सावलीत खुळखुळ्या बसला होता आणि माझ्याकडेच बघत होता.

५

साहेबांना आम्ही मागे घड्याळसाहेब म्हणतो. माणूस वाईट नाही. पण समोरच्याचं बोलणं ऐकताना त्यांचा डोळा मनगटावर असतो.

मी त्यांना सगळं सांगितलं; चालण्याचं सोडून. तेवढं माझ्या तोंडून निघालं नाही. म्हणाले, म्हणजे ट्रेस लावला की चूक दिसत नाही? मी म्हटलं, दिसत नाही, पण गेलेली नाही, झाकली गेलीय. ते म्हणाले, मग शनिवारी ट्रेस लावूनच चालव, दुरुस्ती सावकाश कर. आमच्या धंद्यात हे पाप सगळ्यांनी केलंय. बघत राहिलं की दोष लाजतो, म्हणून मग बघतच राहायचं आणि त्याला दुरुस्ती म्हणायचं. पण ती दुकानांची, बँकांची यंत्रं असतात. त्यांच्यापुढे सुरुंग नसतो.

मी म्हटलं, साहेब, आकडा एक आहे. एक म्हणजे माणूस.

"कोण माणूस?" त्यांनी विचारलं. मग त्यांनीच दारातून हाक मारली. खुळखुळ्या आत आला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "हा तो एक. इथं आहे की नाही?"

"आहे," मी म्हटलं.

"लाव ना ताई ट्रेस," खुळखुळ्या म्हणाला. "कशाला जिवाला घोर?"

दाराच्या पायऱ्या तो चढून आला होता, आणि त्याला धाप लागलेली नव्हती.

६

गुरुवारी मी भावजयीकडे गेले. मला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी मला वेड्यात काढावं. घरच्या माणसानं वेडं म्हटलं की निम्मी भीती जाते.

ती भाजी चिरत होती. मी इकडचं तिकडचं बोलले, मग म्हटलं, हा मंगळवारपासून तुला कसा वाटतो? सुरी थांबली नाही. म्हणाली, बरे आहेत. मी म्हटलं, तसं नाही विचारत. ती म्हणाली, मला कळलं काय विचारताय ते.

मग तिनं सुरी खाली ठेवली. सांगायला लागली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. लग्न झाल्यापासून ती सलग झोपली नव्हती. त्याला खोकल्याची उबळ आली की उठून बसवायचं, पाठ चोळायची, श्वास परत लागेपर्यंत मनात आकडे मोजायचे. एक दिवस आकडे मोजता मोजता श्वास लागायचाच नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तिनं त्याची तयारीही केली होती. आता तो रात्रभर झोपतो. कूस बदलत नाही. अंथरूण सकाळी घातलं तसं असतं. अंगाला हात लावला तर गार लागतं, पण माठासारखं, वाईट नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "कुणाला काही बोलू नका. मला हा असू दे. हा बरा आहे."

मी उठले. दारापाशी कठडा धरला आणि खाली बोगद्याचं तोंड दिसलं. पंखा फिरत होता. मला खूप रडू आलं आणि रडले. कुणासाठी, हे मला तेव्हा धड सांगता आलं नसतं.

७

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी माझं हेल्मेट घातलं आणि फाटकातून आत गेले. मामा म्हणाले, लंगडत कुठं निघाल्या? मी म्हटलं, पेटी बघते. मामांनी वहीत माझ्या नावावर एक आत चढवला.

पहिल्या वळणापर्यंत बाहेरचा उजेड पाठीवर असतो. वळलं की पंख्याची घरघर मागे राहते आणि पाण्याचा आवाज पुढे येतो. दिवे होते. जमीन वरखाली, चिखल, नळ, केबली. गुडघा पहिल्याच उतारावर बोलायला लागला. भिंतीला हात लावत, थांबत, मी फोनच्या कोनाड्याशी पोचले.

फोनचा रिसीव्हर वायरीला लोंबकळत होता. त्याच्यावर बोटांचे राखाडी ठसे होते, एकावर एक, एकावर एक, जणू कुणी तो दिवसभर उचलून बघत असावं. मी कानाला लावला. लाइन मेलेलीच होती.

तेव्हा टोकाकडून खोकला ऐकू आला.

दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी शिट्टीसारखा ओढलेला श्वास. तो खोकला मी हजार माणसांत ओळखीन. पाळण्यापासून ऐकलाय. मी रिसीव्हर तसाच धरून उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "खुळखुळ्या?"

खोकला थांबला. पाणी ठिबकत होतं. मग पुढच्या वळणाशी, अगदी जमिनीलगत, हेल्मेटचा एक दिवा लुकलुकला. बसलेला माणूस हात टेकून उठतो तसा तो दिवा हळूहळू वर आला. उभा राहिला. मी एक पाऊल पुढे टाकलं.

दिवे गेले.

किती वेळ गेले ते सांगता येणार नाही. दिवे आले तेव्हा खांद्यावर हात होता. खुळखुळ्या माझ्या मागे, फाटकाच्या बाजूला उभा होता. कोरडा, स्वच्छ. "चल ताई, बाहेर," तो म्हणाला. रिसीव्हर जागेवर ठेवलेला होता. तो मी ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. वळणाशी काही नव्हतं.

आम्ही बाहेर आलो. मामांनी दोघांच्या नावावर एकेक बाहेर चढवला. दुपारभर मी काम केलं, आणि मनाशी पक्कं केलं की उद्या काही झालं तरी ट्रेस लावायचा नाही. पडद्यावर एक दिसू दे. साहेबांची किल्ली अडू दे. मग सगळ्यांना आत जाऊन बघावंच लागेल.

संध्याकाळी घरी आले, कुलूप काढलं, दिवा लावला, आणि मग माझ्या लक्षात आलं की पायऱ्या चढताना मी कठड्याला हात लावला नव्हता.

८

शनिवारी सकाळी वायरमननं बोगद्याचा फोन दुरुस्त केला. आत छिद्रांत दारू भरून झाली; भरणाऱ्यांना आत कुणी दिसलं नव्हतं. माणसं बाहेर आली, मामांनी टाळू मोजल्या, फाटक शून्य. साहेब खोलीत आले, किल्ली त्यांच्या हातात होती. खुळखुळ्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

मी डेटाबेस बंद केला आणि कमांड पुन्हा टाइप केली. शेवटचा पर्याय जोडला नाही. एंटर दाबलं.

पडद्यावर शून्य आलं. मग एक. मी मान वर करून साहेबांना म्हणणारच होते, बघा. तेवढ्यात तो दोन झाला.

दोन हेल्मेटं. एक खुळखुळ्याचं, एक माझं. दोन्ही खिडकीबाहेर शेजारशेजारच्या खुंट्यांवर लटकत होती.

साहेब हसले. मोकळं, सुटल्यासारखं. म्हणाले, आता तर माझी खात्रीच पटली, तुम्ही दोघंही माझ्या डोळ्यांसमोर आहात, यंत्राचं डोकं फिरलंय. लाव तो ट्रेस, दारू भरून ठेवता येत नाही.

काल घालून गेलेला सदराच आज अंगात होता. त्याची कॉलर मी पुढे ओढून बघितली. चिखलात, धुळीत जाऊन आलेली कॉलर. पांढरी होती.

माझ्या मनात जे आलं ते जसंच्या तसं सांगते. आधी आलं की ओरडावं. मग आलं की आत राहिलेली ती कठड्याशिवाय, भिंतीला हात लावत, चिखलातून फोनकडे निघाली असेल, आणि तिच्याबरोबर तो, खोकत. आपला खुळखुळ्या. आई ज्याच्या छातीकडे बघ म्हणाली होती तो. आणि मग मी टेबलाखाली पाय लांब केला. गुडघा सुरळीत वाकला, सुरळीत सरळ झाला. आवाज नाही. इतकं बरं मला कधी वाटलं होतं ते आठवेना. भावजय म्हणाली होती ते मला आत्ता नीट कळलं, आणि कळल्यावर रागही आला नाही.

खुळखुळ्यानं खांद्यावर हात ठेवला. माठासारखा गार. वाईट नव्हता.

मी डेटाबेस बंद केला. कमांड टाइप केली. दोन आडव्या रेघा, डीबग.

शून्य.

साहेबांनी किल्ली फिरवली आणि कानांवर हात ठेवून दाराबाहेर गेले. भोंगा सुरू झाला. भोंगा वाजताना त्या खोलीत स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. ट्रेसच्या पडद्यावर डाव्या काठाला आता दोन उभ्या रेघा होत्या, शेजारीशेजारी, आणि खबरी एकेक पेटी अलीकडे सरकत होत्या. एक हेल्मेट पुढे, एक मागे. पुढचं मागच्यासाठी थांबत होतं. कोनाड्याजवळच्या पेटीशी दोन्ही पोचली.

टेबलावरच्या फोनचा लाल दिवा लुकलुकायला लागला. घंटी भोंग्यात ऐकू येत नव्हती, नुसता दिवा. मी त्याच्याकडे बघत राहिले. खुळखुळ्यानं हात पुढे केला आणि तो दिवा तळव्याखाली झाकला, सावकाश, झोपलेल्या मुलाचे डोळे झाकावेत तसा.

मग डोंगर हादरला. चहा कपातल्या कपात थरथरला.

त्यानं हात उचलला तेव्हा दिवा विझला होता. पडद्यावर दोन ओळी आल्या, एकामागोमाग एक. बाहेर. बाहेर. डावा काठ मोकळा झाला, नियमाप्रमाणे.

संध्याकाळी आम्ही दोघं पायऱ्या बोलत बोलत चढलो, हात मोकळे सोडून. वर भावजय दारात उभी होती. तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, मग आत जाऊन तिसरं ताट मांडलं. मी जेवले. तो दिवा मात्र डोळ्यांपुढून जात नाही. भोंग्याआधी तिला फोनपर्यंत पोचता आलं असतं, तर तेव्हा घंटी ऐकू आली असती, साहेबांनीच उचलला असता. उशीर झाला तो तिच्या गुडघ्यामुळे. त्या गुडघ्यानं त्या चिखलात किती वेळ लागतो, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.